चांदणीचं म्यान

त्या दिवशी माझा नवरा एनॉस उजाडताच ओढ्यावर गेला होता. मासे धरायचे पिंजरे आदल्या संध्याकाळी लावले होते, ते बघायला. पाऊण तासात परत आला. मासे नव्हते. सदरा छातीपर्यंत भिजलेला. आत येऊन त्यानं दार लावलं आणि सदऱ्याच्या आतून एक म्यान काढून माझ्या कामाच्या फळीवर ठेवलं.

"थर्झा, हे तुझंच ना?"

माझंच होतं. एकोणीस वर्षं आमचं हेच चाललं होतं. झिजलेल्या कानशी तापवून, ठोकून एनॉस सुऱ्या घडवायचा आणि त्यांची म्यानं मी शिवायची. टोकाकडचे शेवटचे तीन टाके मी दुहेरी घेते. आमच्या भागात दुसरं कुणी घेत नाही. शिवाय या म्यानावर चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकून काढलेली चांदणी होती. सात चुका पितळी आणि एक तांब्याची, कारण त्या वेळी माझ्याकडं पितळी सातच उरल्या होत्या.

"वायली स्ट्राउडचं," मी म्हणाले. "मागल्या पानगळीत शिवलं होतं. कुठं सापडलं?"

एनॉस बाकावर बसला. "म्हाताऱ्या बातीस्तच्या अंगाखाली."

बातीस्त फ्रेंच होता. बीव्हरची कातडी घेऊन दर वसंतात डोंगरातून खाली यायचा, खेचरासकट. दोन रात्री आमच्या ओसरीवर झोपायचा, आमची भाषा वाकडीतिकडी बोलायचा आणि निघताना मी कुणी राणी असल्यासारखा माझ्या हाताचा मुका घ्यायचा. एनॉस लाजून बाहेर जायचा. हा माणूस ओढा ओलांडायच्या उताराजवळ, पाण्यात अर्धा आणि चिखलात अर्धा, पालथा पडला होता. पाठीत घाव होता. खेचर नाही, कातडी नाहीत. एनॉसनं त्याला ओढून काठावर आणलं तेव्हा खाली हे म्यान निघालं.

"वायलीच कशावरून?" मी म्हटलं खरं, पण आवाज माझा मलाच पटला नाही. वायली आमच्या टेबलावर जेवलेला माणूस. तीस-बत्तीसचा, हसरा, मला वहिनी म्हणायचा.

"मी शेरीफला आणतो," एनॉस म्हणाला. "नदीवरच्या नावेच्या फेरीपर्यंत बारा मैल. घोडी दमवली तर दुपार कलायच्या आत परत येऊ."

"म्यान घेऊन जा."

"नको. वाटेत तोच भेटला आणि माझ्याकडं हे दिसलं, तर माझाही बातीस्त होईल. आणि नुसत्या म्यानावर कुठं नाव आहे? नाव तुझ्या नमुन्यावर आहे. दोन्ही शेजारी ठेवून शेरीफला इथंच दाखवू."

प्रत्येक म्यानाचा नमुना मी पातळ कातड्यात कापून ठेवते, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव डागते आणि भिंतीवरच्या खुंट्यांना टांगते. वायलीचा नमुना तिथं होता.

एनॉस निघताना म्हणाला, "अडसर घाल. कुणालाही उघडू नकोस. ओळखीच्याला तर नाहीच नाही."

मी अडसर घातला. तासभर घातलेला ठेवला. मग मात्र बसवेना. राखेच्या पाण्यात वासराचं कातडं चार दिवस भिजत होतं, ते काढायला झालं होतं आणि खंगाळायला घरात पाण्याचा थेंब नव्हता. विहीर वीस पावलांवर. बादली घेऊन गेले. दोनच मिनिटं, असं मनाशी म्हणत होते.

परत वळले तर अंगणात वायली स्ट्राउड घोड्यावरून उतरत होता. तो रस्त्यानं आला नव्हता, मागच्या रानातून आला होता.

"काय वहिनी, आज धुरांड्यातून धूर नाही? मला वाटलं, तुम्ही दोघं कंटाळून टेक्ससला गेलात."

"कोळसा संपलाय," मी म्हणाले. "घोडा बांध. आत ये."

एवढं कसं बोलले, कुणास ठाऊक. म्यान आत फळीवर उघडं पडलं होतं. तो खांबाला लगाम बांधतोय तेवढ्यात मी घरात शिरले, ते उचललं आणि राखेच्या पाण्याच्या पिंपात बुडवलं, कातड्याच्या खाली. बादली ठेवली. माझ्या कोपरापर्यंत पाणी निथळत होतं.

तो दारात आला. "एनॉस कुठाय?"

"कोळसा आणायला गेलाय. गिरणीकडं."

"गिरणीकडं?" त्यानं टोपी काढली. "मी गिरणीवरूनच येतोय."

"मग हॅस्केलच्या दुकानात मिठाला थांबला असेल," मी म्हणाले. "त्याला एक काम सांगितलं की तो तिसरंच करून येतो. तुला माहीत नाही का?"

तो माझ्याकडं बघत राहिला आणि मग हसला. "लग्न न करण्याचं हेच कारण, वहिनी. पाठीमागं अशी तक्रार ऐकायला लागते."

कमरेच्या पट्ट्यात एका चिंधीत गुंडाळलेली सुरी होती. ती त्यानं बाहेर काढली, पण माझ्या हातात दिली नाही. "म्यान गेलं माझं. नदी ओलांडताना पट्ट्यातून निसटलं. तसंच दुसरं हवंय. हुबेहूब तसंच. चांदणीसकट."

"दोन दिवस लागतील."

"आज हवंय. मी थांबतो."

तेव्हा मला कळलं तो कशाला आलाय. नदीत नाही, म्यान कुठं पडलं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. शोधायला परत जायची हिंमत झाली नसेल, किंवा गेला तेव्हा बातीस्त काठावर ओढलेला दिसला असेल. कमरेला चांदणीचं म्यान असलं की मग सापडलेलं म्यान कुणाचंही ठरवता येतं.

"तोच नमुना वापरा," तो म्हणाला आणि स्वतःच खुंट्यांकडं गेला. एकेक नाव वाचत गेला. वाचायला त्याला वेळ लागत असे. सापडल्यावर नमुना काढून त्यानं माझ्यासमोर ठेवला.

मी पिंपाकडं वळले. तोही आला, बाह्या मागं सारत. "सरका, जड असेल. मी काढतो कातडं."

"हात घालू नकोस!" मी ओरडलेच. मग आवाज खाली आणला. "राखेचं पाणी आहे. कातडी सोलून निघेल तुझी. माझे हात मेलेत, मला चालतं."

तो मागं झाला. मी दोन्ही हातांनी कातडं वर घेतलं, आणि त्याच्या घडीतून म्यानाचं टोक वर आलं. माझ्या तीन दुहेरी टाक्यांसकट. मी मनगटानं ते खाली दाबलं. पितळेच्या वजनानं ते बुडालं. वायली तेव्हा भट्टीकडं बघत होता.

"कोळसा संपलाय म्हणालात. हा काय ढीग आहे."

"एनॉसच्या हिशोबानं तो संपल्यातच जमा," मी म्हणाले. "पेटव की. वाळवायला आच लागेलच."

त्यानं भट्टी पेटवली, भाता मारला. मी कातडं बादलीत खंगाळलं, उरलेले केस खरवडले, नमुना वर ठेवून कापलं. कापून होताच त्यानं नमुना उचलला. "आता हा लागणार नाही ना?" आणि निखाऱ्यावर टाकला. कातडं चुरगळलं, त्यावरचं त्याचं नाव काळं पडलं. घरभर घाण वास सुटला.

त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, म्यान घेऊन तो जाईल. पण दोन म्यानं शिवली गेली हे जगात फक्त मला आणि एनॉसला माहीत असणार होतं. नमुना जाळणारा माणूस आम्हाला कशाला ठेवेल? म्यान अपुरं आहे तोवर मी जिवंत. ते पुरं झालं की त्याच्या हातात सुरी असणार होती.

"सुरी दे," मी म्हणाले. "ओलं कातडं सुरीवरच बसवावं लागतं."

तो घुटमळला. चिंधीवरून अंगठा फिरवत राहिला. मग दिली.

एनॉसचंच काम. हरणाच्या शिंगाची मूठ, पात्याच्या बुडाशी पितळी आडवी पट्टी. पातं धुतलेलं होतं, पण पट्टीच्या खाचेत काळपट काहीतरी सुकलं होतं. ते पुसायचं नाही, एवढं मी ठरवलं. सुरी माझ्या हातात होती आणि तो माझ्यापासून दोन हातांवर, पाठ करून भाता मारत होता. मी विचार केला नाही असं नाही. पण त्याचे खांदे दाराएवढे.

मग मला दुसरं सुचलं. कच्चं कातडं वाळताना आवळतं. मोडलेल्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर ते ओलं गुंडाळलं की दांडा जन्मभर सुटत नाही. म्हणून म्यान करताना आधी सुरीला भरपूर चरबी फासून मऊ कातड्याचा पातळ वेढा द्यायचा, वाळल्यावर तो वेढा काढून घ्यायचा, म्हणजे सुरीला आत जागा राहते. मी चरबी फासली नाही. वेढा दिला नाही. ओलं कातडं उघड्या सुरीवर ताणलं, पात्यावरून, पट्टीवरून, मुठीच्या थेट टोकाजवळपर्यंत, आणि आरीनं भोकं पाडून तातीच्या दोऱ्यानं शिवायला घेतलं.

"एवढं वर कशाला?" तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला. त्याच्या श्वासाला दारूचा वास होता.

"डोंगरातले लोक असंच मागतात आता. घोडा कितीही उधळला तरी सुरी पडत नाही. तुझी पडली ना?"

"पडली," तो म्हणाला. मग शिवणीवर बोट ठेवलं. "मागल्या वेळी तुम्ही चरबी फासली होती."

आरी माझ्या बोटात घुसली. "ते कमावलेलं कातडं होतं. कच्च्याला चरबी लावली तर टाका धरत नाही."

त्याला कातड्यातलं काय कळतं आणि काय नाही, हे मला माहीत नव्हतं.

मी जितकं हळू शिवता येईल तितकं हळू शिवलं. तात मेणावरून दोनदा ओढायची, टाका आवळायचा, उजेडात धरून बघायचा. चांदणीच्या चुका ठोकताना दोन वाकड्या गेल्या. त्यानं दाखवून दिल्या, मला त्या काढून परत ठोकाव्या लागल्या. शिवून झालं तेव्हा सूर्य डोक्यावरून उतरला होता. म्यान मी भट्टीवरच्या आकड्याला टांगलं आणि एक जुनी कानस निखाऱ्यात खुपसून ठेवली.

"ही कशाला?"

"कडा डागायला."

त्याला मक्याची भाकर आणि थंड डुकराचं मांस वाढलं. तो खात होता, मी समोर बसले होते.

"म्हातारा बातीस्त आला का यंदा?" त्यानं विचारलं.

"त्याला अजून आठवडा आहे. ओढ्याला पाणी फार."

"हो. पाणी आहे खरं." त्यानं घास गिळला. "भला माणूस. पण संशयी. कातड्यांना कुणी हात लावला की चोर म्हणायचा."

मी उठून म्यानाला हात लावला. वरून कोमट होतं, कडक होऊ लागलं होतं. अजून तासभर तरी हवा होता. बाहेर रस्त्यावर काही वाजत नव्हतं.

तो घोड्याला पाणी दाखवायला बाहेर गेला. दाराला अडसर घालावा असं मनात आलं, पण तो उंबऱ्यापासून चारच पावलांवर होता, आणि बंदूक त्याच्या खोगिराला. मी तिथंच उभी राहिले. खिडकीतून दिसत होतं. घोडा पाणी पीत होता आणि वायली जमिनीकडं बघत होता. मग तो थोडं पुढं गेला, वाकला, चिखलात बोटं घातली.

आत आला तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"एनॉसची घोडी फेरीच्या रस्त्यानं गेलीय. खुरं खोल रुतलीत. वहिनी, मिठासाठी कुणी भरधाव जात नाही."

तो एक पाऊल पुढं आला.

"म्यान कुठाय?"

"ते काय, वाळतंय."

"हे नाही. ते."

मी पिंपाकडं बघितलं नाही, अशी माझी खात्री आहे. पण न बघण्यासाठी मी जी धडपड केली, तीच त्याला दिसली असावी. तो पिंपाकडं बघू लागला. मग भट्टीकडं वळला आणि आकड्यावरचं म्यान ओढून घेतलं. मुठीचं बोटभर टोक बाहेर होतं. ते धरून त्यानं हिसका मारला.

सुरी हलली नाही.

त्यानं म्यान गुडघ्यांत दाबून दोन्ही हातांनी ओढलं. कातडं करकरलं, पण सुटलं नाही. त्यानं मान वर केली. त्याला कळलं होतं. "सटवे," तो म्हणाला. मला तो आयुष्यात पहिल्यांदा वहिनीखेरीज काही म्हणाला.

तोवर माझ्या हातात सांडशी होती आणि सांडशीत लालभडक कानस. तो झेपावला. मी डोळे मिटून ती पुढं केली. त्याची बाही चरचरली, तो किंचाळून मागं झाला, बाकाला अडखळला आणि नवं म्यान हातात घेऊनच बाहेर पळाला, बंदुकीकडं. मी कानस टाकली, दार लोटलं, अडसर घातला. अडसर खाचेत बसतोय तोवरच गोळी सुटली. फळीतून आरपार जाऊन ती भात्यात घुसली आणि भाता मेलेल्या जनावरासारखा फुस्स करून बसला.

मी भट्टीच्या दगडी बांधामागं जाऊन बसले. बाहेर तो बंदूक परत भरत होता. गज नळीत घासल्याचा आवाज मला नीट ऐकू येत होता.

"वहिनी," तो दाराशी येऊन म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "ते जुनं म्यान खिडकीतून टाका. मी जातो. तुमच्या केसाला धक्का लावणार नाही."

मी तोंडावर हात दाबून धरला होता.

"मुद्दाम नाही केलं मी. त्यानं मला चोर म्हटलं. दोन कातडी होती हो, फक्त दोन. ऐकताय ना?"

तो रडत होता. मला दया आली नाही. रडणारा माणूस काय करेल सांगता येत नाही, एवढंच मनात आलं, आणि मी आणखी गोळा झाले.

मग बोलणं थांबलं. भिंतीशी सरसर झाली, काटक्या मोडल्या. दाराच्या खालून पहिला धूर आत आला तेव्हा मला कळलं. छपराच्या फळ्या वाळून खडखडीत झालेल्या. दारानं पेट घेतला की घर जायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नसता.

पिंप माझ्यानं एरवी हलतही नाही. त्या दिवशी मी ते फरफटत दाराशी नेलं आणि आडवं केलं. राखेचं पाणी उंबऱ्याखालून बाहेर गेलं. आग फुसफुसली, वाफ झाली, धूर दाटला आणि आग विझली. बाहेर तो शिव्या देत होता, त्याचा पाय भाजला असावा. पिंपातून जुनं म्यान घसरून माझ्या पायाशी आलं. मी ते उचलून छातीशी धरलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आता घरात पाणी नव्हतं. तो पुन्हा काटक्या गोळा करू लागला. मला प्रार्थनेचा एक शब्द आठवेना.

टेकडीवरून टापा वाजल्या. आधी मला वाटलं, माझंच काळीज. मग एनॉसची हाक आली, माझ्या नावाची, मैलभर ऐकू जावी अशी. वायलीनं एक गोळी त्या दिशेला झाडली आणि घोडा रानात घातला. एनॉसनं दार बडवलं तरी मी उघडलं नाही. त्याला तीनदा सांगावं लागलं की मी एनॉस आहे.

शेरीफ टालमन आणि त्याची दोन माणसं वायलीच्या मागावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइट नदीच्या काठच्या बांबूच्या बेटात ठकठक ऐकू आली. आत वायली एका दगडावर ते नवं म्यान ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचत होता. रात्रभर ठेचत असावा, बोटं रक्ताळली होती. बंदुकीची दारू भिजलेली होती, बार उडाला नाही. बातीस्तचं खेचर आणि कातडी त्याच बेटात सापडली.

शेरीफनं म्यान माझ्याकडूनच उकलून घेतलं. मी शिवण कापली, कातडं सोललं. पितळी पट्टीच्या खाचेतलं ते काळं तसंच होतं. जुनं म्यान सुरीला अचूक बसलं.

खटला फेरीवरच्या खानावळीत झाला. मी साक्ष देताना वायली हात बांधून समोर बसला होता. शेवटी त्याला विचारलं, काही सांगायचंय का? तो माझ्याकडं वळून म्हणाला, "भाकर चांगली होती, वहिनी." लोक हसले. मी एनॉसला धरून बाहेर आले. फाशीला मी गेले नाही. एनॉस गेला आणि परत आल्यावर दोन दिवस ऐरणीजवळ फिरकला नाही.

"तुला सोडून जायला नको होतं," तो एकदा म्हणाला.

"बारा मैल मी गेले असते तर तू म्यान शिवलं असतंस का?" मी म्हणाले. त्याला हसू आलं, मलाही आलं, पण फार टिकलं नाही.

उन्हाळ्यात बातीस्तची बहीण नावेतून खेचर न्यायला आली. काळ्या वस्त्रातली, म्हातारी, आमच्या भाषेचा एक शब्द न येणारी. माझ्या हाताला तात कापून झालेल्या जखमा तिनं बघितल्या आणि त्यांवरून बोट फिरवलं. भाऊ पडला ती जागा तिला बघायची होती, ते खुणांनीच कळलं. एनॉस तिला उताराकडं घेऊन गेला. मी अंगणातच थांबले.

त्याला बरीच वर्षं झाली. ओढा ओलांडायचा असला तर मी अजून मैलभर वर जाते. तिथं दगड निसरडे आहेत आणि पाणी कमरेएवढं आहे, तरी तिकडूनच जाते.